सर्व्हिस वायर गोठ्याच्या पत्र्यावर, आरसीसीबी टिकत नाही, विहीर गढूळ: आधी काय, मग काय?

पडवी (रात्री ९:१०)

गुहागर तालुका, खाडीकाठची वाडी. कालपासून पावसाने उसंत दिलेली नाही, आज संध्याकाळपासून वारंही सुटलंय. आहे ते तसंच लिहिते. आधी काय करायचं आणि कशाला हातच लावायचा नाही, एवढं जाणकारांनी सांगावं.

साडेसातच्या सुमारास खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरवर फणसाची फांदी आली. वायर तुटली नाही, पण झोळ पडून गोठ्याच्या पत्र्यावर टेकलीय. गोठ्यात शिरताना यांचा कोपर पत्र्याला लागला तर झिणझिण्या आल्या. आत दोन गुरं बांधलेली आहेत.

फांदी पडल्यावर घरातला पंखा एकदम गरगर फिरायला लागला, न्हाणीतला पिवळा बल्ब लख्ख पेटून उडाला, टीव्हीच्या बॉक्सला जळका वास आला. त्याच वेळी पलीकडच्या घरात दिवे मिणमिणत होते. आम्ही मेन पाडला. नंतर एकदा चढवून पाहिला तर आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) टिकत नाही, लगेच पडतो. मेन डबल पोल एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) आहे, त्यापुढे ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी.

इन्व्हर्टर चालू आहे (१५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी). खळ्यातलं पाणी कठड्याच्या फटीतून विहिरीत घुसलंय, पाणी चहासारखं दिसतंय. पंप १ एचपीचा ओपनवेल सबमर्सिबल, सध्या बंद. शेजाऱ्यांकडे जनरेटर आहे. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर सॉकेटमध्ये लावून दोन्ही घरं चालवू म्हणतात. १९१२ वर तक्रार नोंदवली आहे, पण मोरी खचल्यामुळे वाडीपर्यंत गाडी येत नाही. घरात चौघं, सासूबाई ऐंशीच्या.

तारमार्ग (९:१६)

ताई, बाकी सगळं नंतर. गोठ्याकडे कोणीही जायचं नाही, गुरांसाठीसुद्धा नाही. पत्र्यात करंट आहे असंच धरून चाला. घरातला मेन पाडला तरी त्या वायरीतली वीज जात नाही. सर्व्हिस वायर मीटरच्या आधी आहे, तुमचा मेन मीटरच्या नंतर. ती बंद होते ती खांबावरून किंवा डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून.

१९१२ ला पुन्हा लावा. ‘लाईट गेली’ अशी तक्रार देऊ नका. ‘सर्व्हिस वायर पत्र्यावर पडलीय, पत्र्याला करंट आहे, आत गुरं आहेत’ हेच शब्द सांगा. बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. वाडीच्या वायरमनचा नंबर असेल तर थेट त्याला फोन करा, आणि डीपी खचलेल्या मोरीच्या अलीकडे आहे की पलीकडे ते आधी सांगा. डीपीचे फ्यूज काढायला गाडी लागत नाही, माणूस पोचला की झालं.

पत्र्याला जे जे लागून आहे ते सगळं त्यात धरा: पन्हळ, कपडे वाळत घालायची तार, लोखंडी फाटक, गुरांची साखळी. निदान दहा मीटर लांब राहा. चालताना पायांत मुंग्या जाणवल्या तर वळून पळू नका. दोन्ही पावलं एकमेकांना चिकटवून, न उचलता, घासत मागे या. ओल्या जमिनीत करंट पसरतो तेव्हा जवळच्या आणि लांबच्या जागेत व्होल्टेजचा फरक असतो, आणि लांब टांग टाकली की तो फरक दोन पायांच्या मधून शरीरात जातो. गुरं यात माणसाच्या आधी जातात ती ह्यामुळेच. त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, आणि करंटच्या वाटेत हृदय.

गडगा (९:२१)

सुका बांबू मिळाला तर पायाखाली लाकडी पाट घेऊन वायर पत्र्यावरून उचलता येईल. हातभर लांबूनच काम होतं.

तारमार्ग (९:२५)

कृपा करून हे कोणी करू नका. या पावसात सुका बांबू सुका राहत नाही. वरून पाण्याची पातळ धार चढली की करंटला वाट मिळाली. दुसरं, फांदी अजून वायरीवर आहे. वायर थोडी उचलली की फांदी घसरते, मग वायर उसळते किंवा तुटून अंगावर येते. तिसरं, पत्र्याच्या कडेने वायरीचं आवरण आधीच कापलेलं असणार, नाहीतर झिणझिण्या आल्याच नसत्या. सरकवताना ते आणखी फाटेल.

आणि ताई, तो जनरेटर. शेजाऱ्यांना आत्ता, हा निरोप वाचल्याबरोबर थांबवा. सॉकेटमधून घातलेली वीज घरापुरती थांबत नाही. मेन चढवलेला असेल तर मीटरमधून उलटी सर्व्हिस वायरीवर जाते, म्हणजे तुमच्या पत्र्यावर. पुढे डीपीवर पोचली तर ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो: इकडून २३० गेले की तिकडे ११ केव्हीच्या तारेवर हजारो व्होल्ट. लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव असाच जातो. शिवाय त्या वायरीची एक पिन सॉकेटमधून निसटली तर उघड्या पितळेवर २३० व्होल्ट.

पडवी (१०:०५)

वायरमनदादा डीपीपर्यंत चालत पोचले. तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवलेत असं त्यांनी स्वतः फोनवर सांगितलं. शेजाऱ्यांनी जनरेटर बंद ठेवलाय. गुरं सोडवू का? आणि पंखा असा का फिरला?

तारमार्ग (१०:१४)

त्या डीपीवर आणखी कोणाचा जनरेटर नाही ना, हे आधी वाडीत विचारून घ्या. नसेल तर एकाने जावं, दुसऱ्याने लांब उभं राहावं. रबरी गमबूट, हातात लाकडी मुठीचा कोयता. पत्रा, खांब, साखळी कशाला न शिवता दावं कापायचं आणि गुरं मांगरात नाहीतर पडवीत आणायची. वायरीला हात नाही. ती वायरमन उचलेल, तारांना अर्थिंग लावून.

पंख्याचं कारण: न्यूट्रल तुटला. डीपीतून चार तारा निघतात, तीन फेज आणि एक न्यूट्रल. प्रत्येक घर एका फेजवर आणि न्यूट्रलवर, म्हणून २३०-२४० मिळतात. दोन फेजमध्ये मात्र चारशेच्या वर असतात. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं एकापाठोपाठ एक जोडल्यासारखी होतात आणि ते चारशे व्होल्ट दोघांत वाटले जातात. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त. तुमच्याकडे पंखा आणि चार दिवे, पलीकडे बहुधा गीझर नाहीतर मिक्सर. तुम्ही तीनशे-साडेतीनशेवर गेलात, ते शंभरावर आले. तुम्ही मेन लगेच पाडलात म्हणून फ्रिज वाचला असावा. एका घरात दिवे भगभगीत आणि शेजारी मंद, असं दिसलं की विचार न करता मेन पाडायचा, आणि शेजाऱ्यालाही हाक मारून सांगायचं.

वीज परत येईल तेव्हा घाई नको. आल्यावर दहा मिनिटं मेन पाडलेलाच ठेवा, कारण दुरुस्तीत ती दोन-तीनदा येते-जाते. मल्टिमीटर असेल तर एसी ७५० वर लावून मेनच्या वरच्या टोकांवर फेज-न्यूट्रल बघा. २१० ते २५० च्या आत आणि स्थिर हवं. न्यूट्रल-अर्थ पाच व्होल्टच्या आत असावं. वीस-तीस दिसले तर न्यूट्रलचा जोड अजून कच्चा आहे. मल्टिमीटर नसेल तर बाकी सगळं बंद ठेवून एकच जुना पिवळा बल्ब लावा. एलईडी यासाठी चालत नाही. तिच्या आतलं सर्किट शंभर ते तीनशे व्होल्टपर्यंत सारखाच उजेड देतं, त्यामुळे ती काहीच सांगत नाही. पिवळा बल्ब लगेच बोलतो.

चिरेबंदी (१०:४०)

आरसीसीबीबद्दल. रात्री पटलावर (मेन बोर्डावर) काही उघडू नका, पण आत्ता एक काम करता येईल: सगळे प्लग उपटून ठेवा. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि आरसीसीबी न्यूट्रलच्या गळतीवरही पडतो. प्लग काढला की दोन्ही तुटतात. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, पंपाच्या स्टार्टरची पिन, आणि इन्व्हर्टरची इनपुट पिनसुद्धा.

सकाळी वीज चांगली आहे अशी खात्री झाल्यावर सगळे एमसीबी पाडून फक्त आरसीसीबी चढवा. टिकला तर एकेक एमसीबी चढवत जा. ज्याच्यावर पडेल ते सर्किट खराब. सगळे एमसीबी पाडलेले असतानाही पडला तर तसं इथे लिहा, पुढचं सांगतो.

कोणी ‘आरसीसीबी काढून डायरेक्ट करून देतो’ म्हणालं तर देऊ नका. आपल्याकडे घर जांभ्यावर असतं आणि जांभ्यात अर्थिंगचा रोध फार. समजा तो १०० ओहम आहे. उपकरणाच्या पत्र्याला फेज लागला तर २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर वाहील. त्याने १६ अँपिअरचा एमसीबी कधीच पडणार नाही, पत्र्यात करंट तसाच राहील. आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या मध्येच पडतो. हिशेबाने पाहिलं तर अर्थिंग १६०० ओहमपर्यंत वाईट असलं तरी तो पत्र्यावर ५० व्होल्ट चढायच्या आत तोडतो. कोकणात तो असलाच पाहिजे.

खळं (११:०५)

आजची रात्र इन्व्हर्टरवर काढायची तर हिशेब असा. १५० एएच गुणिले १२ म्हणजे १८०० वॉट-तास, पण बॅटरी पूर्ण उतरवायची नाही आणि इन्व्हर्टरही थोडं खातो. हाताशी ११०० धरा. ९ वॉटचे तीन दिवे, ७५ वॉटचा साधा पंखा, १० वॉटचा राउटर मिळून ११२ वॉट, म्हणजे दहा तासांच्या आत-बाहेर. पंखा बंद केला तर तीसएक तास दिवे आणि राउटर चालतील. पंखा बीएलडीसी असेल तर तो ३० वॉटच खातो. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, काहीच लावलं नाही, तरी दहा-पंधरा वॉट जातातच, म्हणून उजाडल्यावर तो बटणाने बंद करा. सासूबाईंच्या खोलीत एक दिवा आणि पंखा, बाकी घर अंधारात. मोबाइल आत्ताच भरून घ्या.

निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) दापोली-मंडणगडकडच्या कित्येक वाड्यांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. तेव्हा इन्व्हर्टर तीन दिवस पुरवायचा अशाच बेताने वापरा.

जनरेटर वापरायचाच तर सॉकेटमधून अजिबात नाही. एक रस्ता मेनजवळ डबल पोल चेंजओव्हर बसवण्याचा: वर लाइन, खाली जनरेटर, मध्ये बंद, दोन्ही एकदम जोडले जाऊच शकत नाहीत. दुसरा, आत्ता लगेच होणारा: जनरेटरच्याच सॉकेटमधून वेगळी तीन तारांची केबल टाकून एखादं उपकरण थेट चालवायचं. तुमचा १ एचपी पंप चालू असताना ११०० वॉटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना करंट तीन-चार पट. दोन केव्हीएचा जनरेटर गुरगुरून बसेल, तीन केव्हीए लागेल. आणि पाऊस आहे म्हणून जनरेटर पडवीत, मांगरात किंवा न्हाणीत ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना वास येतो. दारं-खिडक्यांपासून सहा मीटर लांब, वर छप्पर आणि चारी बाजू उघड्या, अशी जागा हवी.

फ्रिज उघडू नका. चार तास तो गार राहतो. मासे असतील तर सकाळपर्यंत ठेवू नका, आत्ताच एकदा उघडून काढा आणि शिजवून टाका.

पडवी (दुसऱ्या दिवशी सकाळी ८:२०)

गुरं पडवीत आहेत. उजाडल्यावर फांदी तोडून वायर वर घेतली, न्यूट्रलचा जोड खांबावर सुटला होता तो नवा केला. फेज-न्यूट्रल २३६, न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्ट. पण सगळे प्लग काढलेत, सगळे एमसीबी पाडलेत, तरी आरसीसीबी चढवल्यावर दोन-तीन सेकंदांत पडतो. असं कसं?

चिरेबंदी (८:४५)

हेच अपेक्षित होतं. तुमचे एमसीबी सिंगल पोल असणार, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल सगळ्या घरात जोडलेलाच आहे आणि कुठेतरी ओल्या जागी तो अर्थला टेकलाय. तुमच्याच आकड्यांनी बघा: न्यूट्रल-अर्थमध्ये ३ व्होल्ट आहेत, ओल्या पेटीत १०० ओहमची वाट मिळाली तर ३ भागिले १०० म्हणजे ३० मिलिअँपिअर. लोड नसतानाही आरसीसीबी पडायला एवढं पुरतं.

शोधायची रीत, इलेक्ट्रिशियनच्या हाताने: आधी मेन पाडायचा आणि इन्व्हर्टर बटणाने पूर्ण बंद. हे लोक विसरतात, आणि मेन पाडलेल्या पटलात इन्व्हर्टरचे २३० व्होल्ट हाताला लागतात. मग आरसीसीबीपुढच्या न्यूट्रल लिंकवरच्या सगळ्या तारा सोडवायच्या, प्रत्येकीवर चिकटपट्टीने नाव लिहायचं, आणि एकेक जोडून बघायची. जिच्यावर पडला ते सर्किट.

पहिला संशय गोठ्याच्या दिव्यावर. त्यानंतर पडवीबाहेरचा दिवा, न्हाणीतला गीझर, पंपाची केबल, याच क्रमाने. त्यात नाही सापडलं तर भिंतीत जा. चिऱ्याची भिंत पाणी पिते, आतल्या पाइपात ते झिरपतं आणि सगळ्यात खालच्या पेटीत साठतं. तसं असेल तर त्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही पटलावरून सुटे करून टोकं बंद करायची, आणि भिंत सुकेपर्यंत जोडायचं नाही. गणपतीपर्यंत एक खोली एक्स्टेंशनवर चालली तरी चालेल. बाहेरच्या पेट्यांना तळाशी सहा मिलिमीटरचं भोक पाडून ठेवा, वरून कितीही सिलिकॉन लावलं तरी पाणी शिरतंच, ते निघायला वाट हवी.

कुठल्याच तारेवर पडला नाही, फक्त इन्व्हर्टरची इनपुट पिन लावल्यावर पडतो, असं निघालं तर न्यूट्रलची सरमिसळ आहे. म्हणजे एखाद्या दिव्याला फेज इन्व्हर्टरचा आणि न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटचा दिलाय. ते ओलीचं काम नाही, वायरिंगचं आहे.

रहाट (९:३०)

आता विहिरीकडे. पंप लावू नका. केबलचा जोड पाण्यात असेल तर आधी मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) ५०० व्होल्टवर तपासून घ्या. मोटरचा इन्सुलेशन रोध एक मेगाओहमच्या खाली आला असेल तर सुकवल्याशिवाय लावायची नाही. तो बरा निघाला तरी या गढुळाने सील आणि बुश घासून जातील.

पिण्याचं पाणी आज विहिरीचं नको. मोकळ्या जागी चार काठ्यांना स्वच्छ धुतलेलं प्लास्टिक ताणून मधोमध कळशी ठेवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दोन बाय दोनच्या कापडावर पन्नास मिलिमीटर पडले की दोनशे लिटर, आणि असे पन्नास मिलिमीटर आपल्याकडे एका सकाळीही पडतात. पिणं आणि रांधणं मिळून माणशी पाच-सात लिटर धरा. पागोळ्यांचं पाणी धुण्याला, संडासाला आणि गुरांना ठेवा. कौलांवर शेवाळ आणि पक्ष्यांची घाण असते, ते प्यायचं नाही.

विहिरीचंच प्यावं लागलं तर क्रम मोडू नका. आधी तुरटी: वीस लिटरच्या भांड्याला ग्रॅमभर, म्हणजे खडा पाण्यात थोडा वेळ फिरवला तेवढी. निदान तासभर निवळू द्या. वरचं पाणी चारपदरी सुती कापडातून गाळा. मग उकळी फुटल्यावर मिनिटभर खळखळू द्या. तुरटीने जंतू मरत नाहीत, ती गाळ बसवते. उकळण्याने गाळ जात नाही. दोन्ही लागतं.

गडगा (९:४४)

विहीर एकदा पूर्ण उपसून टाकली तर? मोठा पंप मिळेल.

रहाट (९:५८)

उपसायची आहेच, पण आत्ता नाही. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली आहे. विहिरीतलं पाणी बाहेरचा रेटा थोपवून धरतं. ते झटकन काढलं तर बाहेरचं पाणी मातीसकट आत दाबतं आणि बांधकाम ढासळतं. जुन्या, चुन्याशिवाय रचलेल्या चिऱ्यांच्या विहिरी अशाच बसतात. आणि ताई म्हणतात खाडीकाठ आहे, तिथे फार खोल उपसलं तर खाडीचं मचूळ पाणी आत खेचलं जाईल. क्लोरीनने क्षार जात नाहीत. दोन-तीन दिवस उघडीप मिळाली, बाहेरची पातळी उतरली, की टप्प्याटप्प्याने उपसा: एक मीटर काढा, थांबा, भिंत बघा, मग पुढचा.

उपसताना डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवायचं नाही, कठड्याच्या कडेलाही नाही. त्याचा धूर खाली बसतो. गाळ काढायला माणूस उतरवायचा तर आधी पोहरा किंवा पानांचा डहाळा वरखाली करून हवा खेळवा, कमरेला दोर आणि वर दोन माणसं. खाली उतरलेला गप्प झाला तर दुसऱ्याने त्याच्यामागे उडी टाकायची नाही. दोराने ओढायचं. एकामागून एक माणसं जातात ती इथेच.

कठड्याची फट सिमेंटने बुजवा, आणि खळ्याचं पाणी विहिरीकडून उलट वाहील असा उतार करा. नाहीतर पुढच्या सरीला हेच सगळं परत.

मग टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५ एवढे लिटर. तीन मीटर व्यास, पाच मीटर पाणी असेल तर पस्तीस हजार लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. पुराचं पाणी शिरल्यावर पाच ग्रॅमपासून सुरुवात करा, म्हणजे इथे १७५ ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादली पाऊणभर भरा, ढवळा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी पोहऱ्यात घेऊन विहिरीत सोडा आणि पोहरा वरखाली आपटून मिसळा. चुन्याचा साका बाहेर टाका. रात्री टाकलेलं बरं, निदान तासभर कोणी पाणी भरू नये. नंतर ग्रामपंचायतीच्या किंवा उपकेंद्राच्या आरोग्यसेवकाकडून ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून बघायची चाचणी) करून घ्या. लिटरला अर्धा मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन दिसला पाहिजे. रंगच आला नाही तर पाण्यातल्या घाणीने तो सगळा खाल्ला, परत तेवढाच डोस. पिशवी उघडी राहिलेली, गोळे झालेली, वास न येणारी पावडर असेल तर ती टाकून द्या. आपल्या दमट हवेत तिचं सत्त्व लवकर उडतं. आणि पाणी गढूळ असताना टीसीएल टाकणं म्हणजे पावडर फुकट घालवणं. आधी निवळू द्या.

संडासाची टाकी काठोकाठ भरलेली दिसेल. ती आत्ता उपसायला बोलावू नका. प्लास्टिकची टाकी रिकामी झाली की भोवतालच्या पाण्याने वर उचलली जाते आणि पाइप तुटतात.

खळं (१०:२०)

एक राहिलं. खाडीचं पाणी घराकडे चढायला लागलं तर सिलिंडरचा रेग्युलेटर काढा, तोंडाला टोपी लावा आणि सिलिंडर उभा ठेवूनच खिडकीच्या गजाला बांधा. भरलेला सिलिंडरही तरंगतो: टाकी पंधरा-सोळा किलो आणि गॅस १४.२, मिळून तीसच्या आसपास, पण तो पस्तीसएक लिटर पाणी बाजूला सारतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणसारखं पाणी घरात शिरलं की न बांधलेला सिलिंडर आडवा होऊन फिरायला लागतो. पाण्यात बुडालेला रेग्युलेटर वापरायचा नाही, वितरकाकडून बदलून घ्या. गॅसचा वास आला तर बटण ना चालू करायचं, ना बंद. दारं उघडायची, बाहेर पडायचं आणि गॅसगळतीच्या १९०६ वर फोन करायचा.

पडवी (दुपारी १२:४०)

गोठ्याच्या दिव्याचा न्यूट्रल सोडला, आरसीसीबी टिकला. पत्र्याखालच्या होल्डरमध्ये पाणी होतं. फ्रिज लावलाय, चालतोय. टीव्हीचा बॉक्स गेला. आता मीटरच्या काचेच्या आत थेंब दिसतायत. पुसायला उघडू का?

तारमार्ग (१२:५५)

मीटर उघडू नका. त्याला सील आहे, आणि आतली टोकं मेन पाडूनही चालूच असतात. लेखी तक्रार द्या, फोटो काढून ठेवा. आकडे दिसत नसतील, आतून चरचर आवाज किंवा जळका वास येत असेल तर त्याच क्षणी १९१२.

पाणी आलं कुठून ते बघा. बहुतेक वेळा सर्व्हिस वायर खांबावरून उतरत येते आणि सरळ पेटीत शिरते, म्हणजे तिच्यावरून वाहणारं पाणीही सरळ आत. नवीन वायर ओढताना वायरमनदादांना सांगा की पेटीत शिरायच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, शिरायच्या भोकाच्या निदान वीतभर खाली. पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकतं, चढ चढून आत येत नाही. भोक पेटीच्या बुडाला हवं, माथ्याला नको. वायर पाइपातून येत असेल तर पाइपाचं तोंड खाली वळवलेलं हवं. आणि वायर गोठ्याच्या पत्र्यावरून न आणता दुसऱ्या बाजूने आणता आली तर बघा. मधे एक खांब लागेल, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. अर्जात कालचा प्रकार वेळेसकट लिहा.